F सिग्निफिकंट आला, मग कोण कोणापेक्षा वेगळं? पोस्ट-हॉकच्या भांडणाची पार्श्वभूमी

बिटवीन, विदिन, डिग्रीज ऑफ फ्रीडम आणि F कसा काढायचा हे इथे परत सांगत बसत नाही, ते येतं असं धरून चालूया. वन-वे अनोव्हाचं, म्हणजे अनेक ग्रुपच्या सरासऱ्या एकत्र तपासणाऱ्या टेस्टचं, घोडं अडतं ते त्याच्या पुढे. F सिग्निफिकंट आला (फरक निव्वळ योगायोगाचा वाटू नये इतका मोठा निघाला) म्हणजे सगळे ग्रुप सारखे नाहीत एवढंच पदरात पडतं, आणि प्रयोग करणाऱ्याला तर विचारायचं असतं की यातला नेमका कुठला कुठल्यापेक्षा वेगळा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिल्याचं उत्तर 1920च्या दशकातच मिळालं आणि दुसऱ्यावरून अजून वाद चालू आहेत. सॉफ्टवेअरमध्ये पोस्ट-हॉकची, म्हणजे कुठली जोडी वेगळी ते शोधायच्या पद्धतींची, जी लांबलचक यादी दिसते ना, ती या वादातूनच आलीय.

जुना भाग थोडक्यात. व्हेरियन्स (आकडे किती विखुरलेत याचं माप) हा शब्द आजच्या अर्थाने 1918 साली आला, तोही आनुवंशिकतेवरच्या एका पेपरात, शेतीशी त्याचा संबंध नव्हता. तो लिहिणारा तरुण गणिती फिशर 1919 मध्ये लंडनच्या उत्तरेकडच्या एका शेती संशोधन केंद्रात लागला. केंद्र 1843 पासूनचं, म्हणजे गहू आणि खतांच्या नोंदींचा ढीग आधीच पडलेला. तिथून 1923 मध्ये बटाट्याच्या 12 जातींवरचा पेपर निघाला आणि त्यात अनोव्हाचा टेबल पहिल्यांदा छापला गेला. गंमत म्हणजे त्या प्रयोगात आज आपण ज्याला रँडमायझेशन म्हणतो (कुठे कुठली ट्रीटमेंट हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं) ते नव्हतंच, आणि गणितातही सगळी एरर (ट्रीटमेंटमुळे नसलेला चढउतार) एकाच ओळीत टाकली होती, जे त्या मांडणीला चालत नाही. दोन वर्षांनी, 1925 च्या पुस्तकात, त्याच आकड्यांचं गणित एरर दोन भागांत तोडून परत केलं गेलं. म्हणजे आपण ज्याला पहिला अनोव्हा म्हणतो तो आजच्या परीक्षेत लिहिला तर मार्क कापले जातील.

F हे अक्षरसुद्धा मूळ माणसाचं नाही. तो z वापरायचा, म्हणजे दोन व्हेरियन्सच्या रेशोचा नॅचरल लॉग आणि त्याचा अर्धा. 1934 मध्ये एका अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने लॉगची भानगड काढून टाकली, सरळ रेशोचे टेबल छापले आणि मूळ माणसाच्या आडनावाचं पहिलं अक्षर त्याला देऊन टाकलं.

आता एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही. त्या काळातल्या प्रयोगांत ट्रीटमेंट एकमेकांशी जोडलेल्या असायच्या, नायट्रोजन आहे/नाही, पोटॅश आहे/नाही, असं. त्यामुळे काय तपासायचं ते आधीच ठरलेलं असायचं, एकेक डिग्री ऑफ फ्रीडम एकेका प्रश्नाला वाटून द्यायची आणि मोकळं व्हायचं, "कुठली जोडी वेगळी" हा प्रश्नच फारसा यायचा नाही. तो येतो तेव्हा, जेव्हा ग्रुप एकमेकांशी नातं नसलेले असतात, दहा जाती, सहा ब्रँड, पाच शाळा, आणि आधी काहीच ठरवलेलं नसतं. वन-वे अनोव्हा म्हणजे नेमकी हीच परिस्थिती.

यावरचा पहिला सल्ला 1935 च्या आसपासचा. आधी F बघा, तो सिग्निफिकंट नसेल तर जोड्या शोधत फिरू नका, असेल तर दोन-दोन सरासऱ्यांची तुलना करणारी साधी टी-टेस्ट लावा, एरर मात्र सगळ्या ग्रुपची मिळून घ्या. यालाच पुढे प्रोटेक्टेड एलएसडी (लीस्ट सिग्निफिकंट डिफरन्स) म्हणायला लागले. आणि याच सल्ल्यात असंही होतं की आकडे बघून झाल्यावर सगळ्यात ठळक फरक उचलून तपासायचा असेल तर जितक्या जोड्या शक्य होत्या त्या प्रमाणात पातळी (खोटा फरक चालवून घ्यायची मर्यादा, सहसा 5 टक्के) कडक करा. हा दुसरा भाग लोकांनी सोयीस्कर सोडून दिला, पहिला मात्र पुस्तकापुस्तकात उतरला.

एलएसडीत प्रॉब्लेम काय ते आकड्यांत बघा. सगळे ग्रुप खरंच सारखे असतील, सॅम्पल मोठे असतील आणि F न बघता प्रत्येक जोडी 5 टक्क्यांवर तपासली, तर किमान एक तरी खोटा फरक सापडायची शक्यता 3 ग्रुपना साधारण 12 टक्के, 5 ग्रुपना 29 टक्के आणि 10 ग्रुपना 60 टक्क्यांच्या वर. (बऱ्याच ठिकाणी 5 ग्रुपसाठी 40 टक्के लिहिलेलं दिसेल, ते दहा जोड्या एकमेकांपासून स्वतंत्र धरून काढलेलं असतं आणि त्या तशा नसतात, एकच ग्रुप चार जोड्यांत येतो.) F आधी पास व्हायला हवा अशी अट घातली की हे सगळं 5 टक्क्यांवर येतं, बरोबर. पण ते फक्त सगळेच ग्रुप सारखे असतील तेव्हा. दहातला एक ग्रुप खरंच खूप वेगळा निघाला तर त्या एकट्याच्या जिवावर F पास होणार, आणि उरलेले नऊ, जे एकमेकांसारखेच आहेत, त्यांच्या 36 जोड्या कुठल्याही संरक्षणाशिवाय उघड्यावर. त्यातून खोटा फरक निघायची शक्यता निम्म्याहून जास्त.

पण ग्रुप तीनच असतील तर ही भीती नाही. एक वेगळा निघाला तर खोटी ठरू शकेल अशी एकच जोडी उरते आणि ती 5 टक्क्यांवरच तपासली जाते. त्यामुळे तीन ग्रुपला एलएसडी अगदी व्यवस्थित चालते, तरी रिव्ह्यूमध्ये "एलएसडी वापरलीत?" म्हणून झोडपणारे असतातच, आणि दहा ग्रुपवर बिनधास्त लावणारेही असतात.

खरी धुमश्चक्री 1950च्या दशकातली, आणि माझ्या मते या विषयाचा सगळा रस तिथेच आहे. त्याआधी 1939 मध्ये रेंजवर (सगळ्यात मोठ्या आणि लहान सरासरीतल्या फरकावर) आधारलेली एक पद्धत आली होती, सरासऱ्या चढत्या क्रमाने लावायच्या, टोकाच्या दोन तपासायच्या, मग आत आत यायचं. ती 1952 मध्ये दुसऱ्या एकाने परत मांडली म्हणून न्यूमन-कूल्स. याच सुमारास ट्यूकी नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने विचारलं की मुळात आपण चूक मोजतोय कशामागे? प्रत्येक जोडीमागे शंभरात पाच, की अख्ख्या प्रयोगामागे शंभरात पाच? आज फॅमिलीवाइज म्हणतात ते हे दुसरं. 1953 मध्ये त्याने यावर एक जाडजूड टिपण लिहिलं, ते सायक्लोस्टाइल होऊन हातोहात फिरलं, सगळ्यांनी त्याचा हवाला दिला, आणि रीतसर छापून आलं 1994 मध्ये! त्याच 1953 मध्ये शेफे पद्धत आली, जी जोड्यांपुरती न थांबता वाटेल त्या काँट्रास्टला (ग्रुपच्या कुठल्याही गटांच्या सरासऱ्यांमधल्या तुलनेला) पुरते, आणि 1955 मध्ये एका कंट्रोलशी बाकीच्यांची तुलना करणारी डनेट.

आणि त्याच 1955 मध्ये डंकन. ही पद्धत शेतीच्या पेपरांत इतकी चालली की विचारू नका. तिच्यामागचं लॉजिक आधी नीट सांगतो, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. दहा ग्रुपमध्ये तुम्ही आधी ठरवून नऊ वेगवेगळे काँट्रास्ट 5-5 टक्क्यांवर तपासले तर कोणी काही म्हणत नाही, मग दहा सरासऱ्यांच्या रेंजवरच एकूण 5 टक्क्यांची सक्ती कशाला? तितकीच सूट तिथेही द्या. त्यामुळे डंकनमध्ये p सरासऱ्यांच्या गटाला मुभा मिळते 1 वजा 0.95 चा (p-1) घात इतकी. पाचांना ती होते साधारण 18.5 टक्के, दहांना 37 टक्के. पेपरात मात्र लिहिलेलं असतं "5 टक्के पातळीवर डंकन", आणि वाचणाऱ्याला वाटतं पाच म्हणजे पाच. पद्धत लपवाछपवी करत नाही, मूळ पेपरात सगळं स्वच्छ लिहिलंय, पण तिची लोकप्रियता त्या न वाचलेल्या 37 वर उभी आहे असं म्हटलं तर चूक होणार नाही. फरक जास्त सापडतात म्हणून लोकांना ती आवडली, हे उघड गुपित आहे. खुद्द तिच्या जनकाने 1960च्या दशकात वेगळी, बेजियन (आधीचा अंदाज धरून चालणारी) वाट धरली, पण तोवर डंकनचे टेबल घरोघरी पोचले होते.

न्यूमन-कूल्सही यातून सुटली नाही. चार ग्रुप घ्या, दोन खाली एकमेकांसारखे, दोन खूप वर एकमेकांसारखे. मधलं अंतर पार झालं की दोन्ही जोड्या स्वतंत्रपणे 5 टक्क्यांवर, म्हणजे एकूण जवळपास 10. म्हणून ही सुरक्षित आहे हे जे जुन्या पुस्तकांत असतं ते तीन ग्रुपपुरतंच खरं.

सरासऱ्यांच्या डोक्यावर जी a, b, ab अक्षरं असतात तीही याच काळाची देणगी. आधी सारख्या सरासऱ्यांखाली एक सलग रेघ ओढायचे, रेघांच्या जागी नंतर अक्षरं आली. समजा सरासऱ्या 41, 44 आणि 47 आहेत आणि फरक 5 पेक्षा जास्त असला तरच धरायचा. 41 आणि 44 एकत्र, 44 आणि 47 एकत्र, पण 41 आणि 47 वेगळे. अक्षरं झाली a, ab, b. लोक इथे गोंधळतात की मधला नक्की कोणाचा. तो कोणाचाच नाही, "फरक सिद्ध झाला नाही" याचा अर्थ "सारखे आहेत" असा होत नाही, पण टेबलातलं अक्षर बघून डोळा तसंच वाचतो.

1970च्या दशकात दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. 1971 मध्ये ब्रिटनमधल्या एका चर्चेत एका मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने थेट म्हटलं की डेटाचा अर्थ लावण्यात या पद्धतींना जागाच नाही. त्या बाजूच्या लोकांचा मुद्दा असा की ग्रुप म्हणजे खताचे 0, 40, 80, 120 असे डोस असतील तर 40 आणि 80 वेगळे आहेत का हे विचारणंच चुकीचं, तिथे वक्ररेषा बसवा. हे शंभर टक्के पटतं, आणि आजही डोसांवर a, b, c लावलेले पेपर दिसतात तेव्हा चिडचिड होते. दुसरीकडे 1973 मध्ये अमेरिकेत दहा पद्धतींची कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून शेतीवाल्यांना सांगितलं गेलं की प्रोटेक्टेड एलएसडीच बरी, कारण खरे फरक हातातून निसटणं हीसुद्धा चूकच आहे. म्हणजे चाळीस वर्षांनी गाडी परत पहिल्या स्टेशनवर.

1979 मध्ये होल्म आली. साध्या बॉनफेरोनीपेक्षा (5 टक्क्यांना तुलनांच्या संख्येने भागणारी पद्धत) कधीच वाईट नाही, करायला तितकीच सोपी, म्हणून खरं तर तेव्हापासून साधी बॉनफेरोनी वापरायला कारण उरलं नाही, पण वापरतात. ट्यूकीच्या जोड्या तपासायच्या पद्धतीचं असमान सॅम्पलसाठीचं रूप 1956 पासून सर्रास वापरात होतं, ते खरंच 5 टक्क्यांच्या आत राहतं याचा पुरावा 1984 मध्ये मिळाला. 1990 मध्ये साथरोगशास्त्रातून "कसलीही दुरुस्ती नको" असा उलटा सूर लागला, 1995 मध्ये फॉल्स डिस्कव्हरी रेट (सापडलेल्या फरकांतले किती खोटे याचं प्रमाण) आला, पण ती हजारो तुलनांची दुनिया, पाच ग्रुपवाल्याला तिचा फारसा उपयोग नाही.

या सगळ्यात आधी F बघायलाच हवा का, हे मात्र तळ्यात मळ्यात राहिलं. ट्यूकीला F ची गरज नाही, ती स्वतःच एकूण चूक सांभाळते, आणि F पास झाल्यावरच ट्यूकी लावायची असं केलं तर ती विनाकारण आणखी कडक होते. F सिग्निफिकंट नसताना ट्यूकीत एक जोडी निघते किंवा उलट होतं, तेव्हा लोक घाबरून विचारतात की गणित चुकलं का. चुकलेलं नसतं. F सगळ्या काँट्रास्टकडे एकत्र बघतो, ट्यूकी फक्त जोड्यांकडे. F शी तंतोतंत जुळते ती शेफे, F सिग्निफिकंट असेल तर शेफेने एखादा काँट्रास्ट नक्की सापडतो, फक्त तो "पहिले दोन विरुद्ध बाकी तीन" असाही असू शकतो आणि तो कोणी विचारलेला नसतो. तरीही अर्ध्या पुस्तकांत "F नसेल तर पुढे जाऊ नका" हा 1935 चा नियम सरसकट सगळ्या पद्धतींना चिकटवलेला आहे.

मग हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये शिरलं, आणि कोणी काही काढून टाकलं नाही. एका जुन्या, खूप वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या वन-वे डायलॉगमध्ये पोस्ट-हॉकचे 18 चौकोन आहेत, 14 समान व्हेरियन्स धरून आणि 4 न धरून. एलएसडी, डंकन, न्यूमन-कूल्स, ट्यूकी, शेफे एकाच खिडकीत शेजारी शेजारी, कुठली 5 म्हणजे 5 आणि कुठली 5 म्हणजे 37 याचा एक शब्दही नाही. मग सगळे चौकोन टिक करून जे हवं ते उचलायचं हे ओघानेच आलं.

त्या खालच्या चार चौकोनांचीही एक गोष्ट आहे, पण ती छोटी. समान व्हेरियन्सची अट आधी एखाद्या टेस्टने तपासून घ्यायची पद्धत 1937 पासूनची. 1953 मध्ये एकाने तिची टर उडवली, की मोठं जहाज बंदरातून निघू शकेल इतका समुद्र शांत आहे का हे बघायला आधी होडकं समुद्रात घालण्यासारखं हे आहे, कारण ती टेस्टच नॉर्मल नसलेल्या डेटाला अनोव्हापेक्षा जास्त हळवी. असमान व्हेरियन्सला चालणारी वेल्चची पद्धत 1951 मध्ये आली, तिच्या जोडीची गेम्स-हॉवेल 1976 मध्ये. आर या सॉफ्टवेअरमध्ये वन-वेची जी थेट टेस्ट आहे ती न सांगता वेल्चच करते, पण त्याच आर मध्ये जोड्यांच्या टी-टेस्टचं फंक्शन न सांगता सगळ्या ग्रुपची एकच एरर धरतं आणि वर होल्म लावतं. म्हणजे एका माणसाने दोन्ही फंक्शन जशीच्या तशी चालवली तर वरच्या ओळीत व्हेरियन्स वेगळे आणि खालच्या टेबलात सारखे.