राहत्या घराचा भाग भाड्याने देणे : करविषयक परिणाम

मालक स्वतः राहत असलेल्या घराचा एखादा मजला किंवा खोली मोबदला घेऊन दुसऱ्याला राहण्यास देतो, तेव्हा त्याच्यावर आयकर, घरपट्टी आणि काही प्रसंगी वस्तू व सेवा कर यांविषयी जे दायित्व येते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोड परिसरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील नोकरदार यांना खोल्या लागतात, आणि शहरातील दुमजली बंगले व रो हाऊस अशा विभागणीस सोयीचे पडतात.

आयकराच्या दृष्टीने हे भाडे ‘घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली येते. राहते घर किंवा त्याचा भाग भाड्याने देऊन मालकाला मिळणारे उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवता येणार नाही, हे २०२४ च्या दुरुस्तीने स्पष्ट करण्यात आले. आयकर अधिनियम, १९६१ च्या जागी १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला असला, तरी आकारणीची मूळ रीत तीच आहे. स्वतःच्या वापरातील भागाचे वार्षिक मूल्य, म्हणजे करासाठी धरायचे वर्षाचे भाडे, शून्य धरतात. दिलेल्या भागाच्या भाड्यातून त्या भागाची, मालकाने त्याच वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करतात, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट देतात आणि शेवटी गृहकर्जाच्या व्याजाचा प्रमाणशीर वाटा वजा करतात. रंगकाम, गळतीची दुरुस्ती, विमा यांवर कितीही खर्च झाला किंवा मुळीच झाला नाही, तरी ती वजावट ३० टक्केच राहते.

समजा, सारख्या क्षेत्रफळाच्या दोन मजल्यांपैकी वरचा मजला दरमहा १५,००० रुपयांनी वर्षभर दिला, पूर्ण घराची घरपट्टी १२,००० रुपये आणि कर्जाचे वार्षिक व्याज १,२०,००० रुपये आहे. १,८०,००० रुपये भाड्यातून निम्मी घरपट्टी, म्हणजे ६,००० रुपये, वजा केल्यावर १,७४,००० रुपये राहतात. त्यांचे ३० टक्के, म्हणजे ५२,२०० रुपये, आणि व्याजाचे ६०,००० रुपये वजा जाता करपात्र रक्कम ६१,८०० रुपये होते. खालच्या मजल्याच्या वाट्याचे ६०,००० रुपये व्याज जुन्या करप्रणालीत विहित मर्यादेत वजा करता येते, नव्या प्रणालीत येत नाही. म्हणून क्षेत्रफळाची विभागणी प्रामाणिकपणे करणे आणि तिचा नकाशा जपून ठेवणे फार महत्त्वाचे आहे. सगळे व्याज भाड्याच्या मजल्यावर टाकणे ही चुकीची आकारणी ठरते.

याहून अवघड प्रश्न वर्षातील काही काळापुरत्या भाड्याचा आहे. २०१५ नंतर नाशिकचा पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये येत आहे, आणि अशा वेळी एरवी स्वतः वापरत असलेले घर काही महिने भाविकांना देण्याचा विचार अनेक घरमालक करतात. एकच घर वर्षाचा काही काळ स्वतःच्या वापरात आणि काही काळ भाड्याने असेल, तर शून्य वार्षिक मूल्याची सवलत त्या वर्षी मिळत नाही; वर्षभराचे अपेक्षित वाजवी भाडे आणि प्रत्यक्ष मिळालेले भाडे यांपैकी मोठी रक्कम धरली जाते. दोन महिन्यांचे भाडे घेणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा. भाविकांना दिवसाच्या दराने खोली देणे ही निवासव्यवस्थेची सेवा मानली जाते, आणि वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. कुटुंबाला राहण्यासाठी दिलेल्या घराचे भाडे सर्वसाधारणपणे या करातून मुक्त आहे.

घरपट्टीचे करयोग्य मूल्य ठरवताना महानगरपालिका वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करते. ही वजावट आयकराच्या ३० टक्क्यांहून वेगळी असून दोन्हींची गल्लत करू नये.

पेइंग गेस्टला जेवण व साफसफाई पुरवल्यास त्या सेवांची रक्कम भाड्यापासून वेगळी दाखवावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तसा करार नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या मानल्या जातात. स्वतःच भाड्याने राहणाऱ्याने पोटभाडेकरू ठेवला, तर ते उत्पन्न ‘इतर स्रोतांपासूनचे’ ठरते आणि त्यास ३० टक्के वजावट लागू होत नाही, कारण ती मालकासाठीच आहे.