कॅलिफोर्नियातलं मतदान: पाकिटावरची सही आणि प्रॉपोझिशनचा 'यस'

कॅलिफोर्नियात निवडणूक आली की नव्याने नागरिक झालेली आपली माणसं त्याच त्याच ठिकाणी अडतात. सरकारी पत्रकात सगळं लिहिलेलं असतं, पण नेमकं जिथे घोळ होतो तिथे एखादी ओळच.

पात्रता सोपी आहे: अमेरिकेचं नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण, कॅलिफोर्नियात वास्तव्य. ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, एच-१बी या कामाच्या व्हिसावर तर नाहीच. डीएमव्हीत, म्हणजे वाहन परवाना खात्यात, लायसन्सचा अर्ज भरताना मतदार नोंदणीचा भागही येतो. तिथला नागरिकत्वाचा प्रश्न कृपा करून घाईत भरू नका. नागरिक नसताना मतदान केलं, तर पुढचा नागरिकत्वाचा अर्जच काय, या देशातलं राहणंही धोक्यात येतं.

ऑनलाइन नोंदणीला लायसन्स क्रमांक, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे ४ आकडे आणि जन्मतारीख लागते. नागरिकत्वाचा दाखला जोडायचा नसतो. शपथेवर लिहून द्यायचं असतं. मुदत मतदानाच्या १५ दिवस आधीची. ती हुकली म्हणून घरी बसू नका. कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयात किंवा मतदान केंद्रावर अगदी मतदानाच्या दिवशीही नोंदणी करून मत देता येतं.

मतपत्रिका टपालाने घरी येते. सर्वांत जास्त त्रास देते ती परतीच्या पाकिटावरची सही. ती नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. लायसन्सवर इंग्रजीत सही केलेली आणि पाकिटावर मराठीत, किंवा लग्नानंतर बदललेली. कधी नवरा-बायकोची पाकिटंच अदलाबदल होतात. लायसन्स समोर ठेवून सही करा. जुळली नाही तर कार्यालयाकडून पत्र येतं. सोबतचा फॉर्म मुदतीत सही करून पाठवला की मत धरलं जातं. पण हे पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात रद्दीत जातं, याचं फार वाईट वाटतं.

आता प्रॉपोझिशन, म्हणजे थेट मतदारांच्या मताला टाकलेला कायद्याचा प्रश्न. एखादा कायदा रद्द करण्यासाठी सह्या गोळा होऊन तो मतदानाला आला, तर पूर्वी 'यस' म्हणजे कायदा ठेवा आणि 'नो' म्हणजे रद्द करा असा अर्थ असायचा. २०२२ च्या प्रॉप ३१ मध्ये हेच होतं: स्वादयुक्त तंबाखूच्या विक्रीवरची बंदी नको म्हणून तंबाखू कंपन्यांनी सह्या जमवल्या, आणि बंदी हवी असणाऱ्यांना 'यस' म्हणायचं होतं. २०२३ च्या कायद्यानंतर अशा मतदानात 'यस'-'नो' ऐवजी थेट 'कायदा ठेवा' आणि 'कायदा रद्द करा' असे पर्याय असतात. राज्याच्या माहितीपुस्तिकेत आधी विधिमंडळाच्या स्वतंत्र विश्लेषकाने लिहिलेला भाग वाचा. पैसा कुठून येणार, कुठे जाणार, ते त्यात असतं. बाजूने आणि विरोधात छापलेले युक्तिवाद कोणतंही सरकारी खातं तपासत नाही, आणि हे तिथे छापलेलंही असतं. शिवाय नागरिकांनी सह्या जमवून आणलेला कायदा मंजूर झाला की, त्यातच तशी सोय नसेल तर तो बदलायला पुन्हा मतदारांकडेच यावं लागतं. म्हणून दहा मिनिटं जास्त द्या.

राज्याच्या पदांच्या प्राथमिक फेरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोन पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. त्यामुळे ही फेरी सोडू नका.

एखाद्या पदाबद्दल काहीच ठरलं नसेल तर ती जागा कोरी ठेवा. बाकीची मतं मोजली जातात. केंद्रावर जाणार असाल तर घरी लिहून ठेवलेला कागद सोबत नेता येतो. भाषेची अडचण असलेल्या आईवडिलांना मदतीला मुलगा-मुलगी चालते. मालक किंवा युनियनचा माणूस मात्र चालत नाही. टपालाने पाठवणार असाल तर शेवटच्या संध्याकाळी पेटीत टाकू नका, शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडू शकतो. त्यापेक्षा मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत कौंटीच्या अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये टाका.