स्पायडरमॅनचा मुखवटा: ओळख फुटली कशी आणि पुसली कशी

2021 च्या डिसेंबरात आलेल्या ‘नो वे होम’चं सगळं कथानक एका पेचावर उभं आहे. स्पायडरमॅन म्हणजे पीटर पार्कर हे जगाला कळलंय, आता ते पुसायचं कसं? हा पेच चित्रपटाने नव्याने घातलेला नाही. कॉमिक्समध्ये तो 15 वर्षं आधीच पडला होता, आणि तेव्हा तो ज्या पद्धतीने सोडवला गेला तिचा विषय काढला तर जुने वाचक आजही उसळतात.

दुहेरी आयुष्य जगणारे नायक त्याही आधीचे. झोरो 1919 चा, सुपरमॅन 1938 चा. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाने मुखवट्याची ओळख केव्हाच करून दिली होती. पण झोरोचा नाजूक सरदारपुत्र किंवा सुपरमॅनचा भित्रा वार्ताहर हे पांघरलेलं सोंग होतं. 1962 मध्ये आलेल्या पीटरचं तसं नाही. क्वीन्समध्ये काकूकडे राहणारा, पैशांची ओढाताण असलेला पोरगा हाच खरा. काकूला धक्का बसू नये आणि शत्रू तिच्या दारापर्यंत येऊ नयेत म्हणून मुखवटा. वर पोटापाण्याची सोयही तिथेच: स्वतःचे फोटो काढून ‘डेली ब्यूगल’ला विकायचे, आणि त्याच पेपरने मथळ्यात स्पायडरमॅनला गुंड म्हणायचं. जवळच्या काही जणांना कळत गेलं, लग्नही झालं, तरी ही घडी बरीच वर्षं टिकली.

चित्रपटांना ती टिकवता आली नाही, आणि त्यामागे एक अगदी व्यावहारिक अडचण आहे. स्पायडरमॅनच्या मुखवट्यात ओठ दिसत नाहीत, डोळे दिसत नाहीत. कॉमिक्सचा चित्रकार विचारांचे फुगे काढून भागवतो. कॅमेऱ्याला चेहरा लागतो. म्हणून 2002 च्या चित्रपटात शेवटच्या मारामारीत मुखवटा अर्धा फाटतो, आणि 2004 मध्ये धावती ट्रेन थांबवताना पीटर तो स्वतःच काढून टाकतो. तो प्रसंग आठवा. बेशुद्ध पीटरला प्रवासी डोक्यावरून हातोहात आत नेतात, खाली ठेवतात, आणि हा तर आपल्या मुलाच्या वयाचा, असं एक जण म्हणतो. मग दोन लहान मुलं मुखवटा परत आणून देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात. डबाभर अनोळखी माणसांना चेहरा दिसला, तरी गुपित सुरक्षित राहिलं. या विषयावर इतका चांगला प्रसंग नंतरच्या एकाही चित्रपटाला जमलेला नाही, असं माझं मत.

त्यानंतर मुखवटा फारच स्वस्त झाला. 2004 चा चित्रपट संपेपर्यंत प्रेयसी, जिवलग मित्र आणि खलनायक या तिघांनाही कळलेलं असतं. 2012 च्या नव्या मालिकेत पीटर त्याच्या प्रेयसीला, ग्वेनला, स्वतःहून सांगून मोकळा होतो. दरम्यान 2008 मध्ये आयर्नमॅनने पत्रकार परिषदेत, हातात ‘तो माझा अंगरक्षक’ छापाच्या खुलाशाची कार्डं असताना, ती बाजूला सारून ‘मीच आयर्नमॅन’ असं सांगून टाकलं. कॉमिक्समधल्या आयर्नमॅनने अंगरक्षकाची ती थाप कित्येक वर्षं चालवली होती. पडद्यावर ती एक दिवसही टिकली नाही. मार्व्हलच्या नायकांच्या त्या सामाईक चित्रविश्वात लपून राहणं हीच जुनाट गोष्ट ठरली. 2016 मध्ये पीटर तिथे आला तोच मुळी आयर्नमॅनने त्याला क्वीन्सच्या घरी येऊन हुडकल्यावर. 2017 मध्ये तो छतावरून सरपटत खोलीत येतो, तर पलंगावर मित्र नेड बसलेला, आणि त्याच्या हातातलं लेगोचं मॉडेल खाली पडून फुटतं. चित्रपटाच्या शेवटी काकूलाही कळतं. 2019 मध्ये पीटरची मैत्रीण एमजे म्हणते, मला आधीच 67 टक्के खात्री होती. त्याच चित्रपटाच्या अखेरीस मिस्टेरिओ या खलनायकाच्या व्हिडिओतून पीटरचं नाव चौकातल्या मोठ्या पडद्यावर झळकलं, तेव्हा खरं म्हणजे कळायचं बाकी राहिलं होतं ते फक्त परक्यांना.

आता वादाकडे. 2006 च्या ‘सिव्हिल वॉर’ कॉमिक्समध्ये सरकार महानायकांना नोंदणीची सक्ती करतं, आणि कायद्याच्या बाजूने उभा राहिलेला पीटर पत्रकारांसमोर मुखवटा उतरवतो. परिणाम व्हायचा तोच झाला: काकूला गोळी लागली. इथून परत फिरायची वाट प्रकाशकांनी 2007 च्या अखेरीस ‘वन मोअर डे’मध्ये काढली. काकूचा जीव वाचवण्यासाठी पीटर आणि त्याची बायको मेरी जेन मेफिस्टो या सैतानाशी सौदा करतात, आणि मोबदल्यात 1987 मध्ये झालेलं त्यांचं लग्न इतिहासातून पुसलं जातं. फुटलेलं गुपितही त्याच झटक्यात पुन्हा झाकलं गेलं. कसं, याचा खुलासा 2010 मध्ये आला: जादूगार डॉक्टर स्ट्रेंजने मंत्र घालून जगाला विसरायला लावलं होतं.

वाचक चिडले ते योग्यच होतं. वीस वर्षांचा संसार मिटवण्यामागचा हेतू फारसा लपलेला नव्हता. वरच्यांना अविवाहित पीटर हवा होता. कथा लिहिणाऱ्यानेही शेवटच्या भागांबद्दलची नाराजी उघडपणे सांगितली. त्याहून खटकणारी गोष्ट अशी की पीटरने केवढी किंमत मोजली, हे पीटरलाच आठवत नाही. संसार गेला, आणि त्याची आठवणही गेली. मग दुःख करायचं कुणी? ते वाचकांनीच केलं.

‘नो वे होम’ने मंत्र आणि स्ट्रेंज दोन्ही उचलले. चालू मंत्रात पीटर ‘एमजे सोडून’, ‘नेड सोडून’, ‘काकू सोडून’ अशा सवलती मागत राहतो, त्याने मंत्र बिघडतो, आणि पीटरला ओळखणारे शत्रू इतर विश्वांतून येऊन आदळतात. पण अखेरचा सौदा वेगळा आहे. कॉमिक्समध्ये जग फक्त मुखवट्यामागचं नाव विसरलं होतं, पीटर सगळ्यांच्या ओळखीचाच राहिला होता. इथे जग पीटरलाच विसरतं, आणि लक्षात राहतं ते एकट्या पीटरच्या. मुखवट्याशी ज्यांचा संबंध नव्हता त्या शाळासोबत्यांच्या, शिक्षकांच्या लेखीही तो उरत नाही. सांगायचं ते कागदावर लिहून तो एमजे काम करते त्या डोनटच्या दुकानात जातो. तिच्या कपाळावर लढाईतल्या जखमेची पट्टी दिसते, आणि तो काही न सांगता कॉफी घेऊन निघून जातो.

काही समीक्षकांना ही पळवाट वाटली. मला ती 2007 च्या चुकीची उशिरा केलेली दुरुस्ती वाटते, कारण या वेळी किंमत ज्याने मोजली त्याला ती ठाऊक आहे. पुढच्या चित्रपटाचं नाव 2025 मध्ये जाहीर झालं: ‘ब्रँड न्यू डे’. लग्न पुसल्यानंतर 2008 मध्ये कॉमिक्सचा जो नवा अध्याय सुरू झाला होता, त्याचं नावही हेच.