वाळुंज: चढत्या-उतरत्या पाण्याचं झाड

नदीकाठी वारा सुटला की एखादं झाड अचानक पांढुरकं दिसू लागतं. जवळ जाऊन पाहावं तर पानं हिरवीच, भाल्याच्या पात्यासारखी लांबट. फक्त त्यांची पाठ चुन्याचा हात फिरवल्यासारखी फिकट. वाऱ्यानं पानं उलटली की झाडाचा रंग पालटतो. हे वाळुंज. वाळुंज नावाची गावं आहेत, वाळुंजकर आडनावाची माणसं आहेत, पण झाड ओळखणारे फार थोडे भेटतात.

हा आपला देशी विलो. विलोच्या जगभरातल्या सुमारे ४०० जाती बहुतेक थंड मुलखातल्या. काश्मिरात क्रिकेटच्या बॅटी होतात तो याचा चुलतभाऊ. वाळुंज मात्र उष्ण प्रदेशातलं, भारतापासून इंडोनेशियापर्यंत पसरलेलं. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला सॅलिक्स टेट्रास्पर्मा म्हटलं. टेट्रास्पर्मा म्हणजे चार बियांचं. सह्याद्रीतल्या ओढ्यांवर, देशावरच्या नद्यांवर, पुण्यात मुळा-मुठेच्या काठीही ते आहे. उंबर, करंज थोडे वर उभे असतात. वाळुंज थेट पाण्यात पाय सोडून बसतं.

पाण्यात पाय सोडून जगणं सोपं नाही. मुळांनाही श्वास लागतो, आणि साचलेल्या पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. शेतात आठवडाभर पाणी तुंबलं की तूर पिवळी पडते ती यामुळेच. विलोच्या झाडांनी यावर तोड काढली आहे. बुडालेल्या भागात इथिलीन वायू अडकून साठतो. केळी, आंबे पिकवणारा हाच तो वायू. त्याच्या इशाऱ्यानं मुळांतल्या काही पेशी मरतात आणि मागे पोकळ नळ्या राहतात. त्यांतून वरची हवा खाली मुळांपर्यंत पोचते. सोबत बुडालेल्या खोडातून नवी मुळं फुटतात. पूर ओसरल्यावर वाळुंजाच्या बुंध्याशी वाकून बघा: बारीक, लालसर मुळांचे झुपके लोंबताना दिसतील, गाळानं माखलेले, हाताला मऊ.

पण या झाडाची खरी परीक्षा त्याच्या बाळपणात असते. पावसाळा सरला की त्याला फुलोऱ्याचे तुरे येतात. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पुढे मादी झाडावरची बारीक बोंडं तडकतात आणि रेशमी कापूस बाहेर पडतो. त्यात खसखशीसारखं बी असतं. बियात शिदोरी जवळजवळ नसतेच, त्यामुळे विलोच्या कुळातल्या अशा बिया बहुधा काही दिवसच जिवंत राहतात. तेवढ्या मुदतीत त्यांना उघडी, ओली, उन्हातली गाळाची जमीन मिळायला हवी. गवताखाली पडल्या तर संपल्या. जागा मिळाली तर दिवसा-दोन दिवसांत कोंब येतो, आणि मग रोपाचं मूळ खाली उतरणाऱ्या पाण्याचा पाठलाग करत खोल जातं.

पूर येऊन नवा गाळ टाकणार, मग पाणी हळूहळू उतरत जाणार, हे नदीचं वेळापत्रक या झाडानं गृहीत धरलं आहे. बंधाऱ्यानं पाणी एकाच पातळीला अडवलं, काठाला काँक्रीटची भिंत आली किंवा वाळूबरोबर गाळही उपसला गेला, तर मोठी झाडं तग धरतात पण बी रुजायला जागा उरत नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं. काठ हिरवा दिसतो, म्हणून कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही, आणि त्या झाडांखाली एकही पोर वाढत नसतं.

माणसाला इथे थोडी मदत करता येते. विलोच्या फांद्यांत सालीखाली मुळांचे अंकुर आधीपासून तयार असतात, म्हणून पुरानं मोडलेली फांदीही खाली कुठे अडकली तर रुजते. अंगठ्याएवढ्या जाडीचं खुंट ओलसर काठात निम्मं खोचलं की बहुधा काम होतं. एकच काळजी घ्यायची: एका झाडाचे सगळे खुंट एकाच लिंगाचे असतात. नुसते नर लावले तर कापूस कधीच उडणार नाही. म्हणून फुलोरा आल्यावर आधी झाडं हेरून खूण करावी. पिवळ्या पुंकेसरांनी भरलेले तुरे नराचे, हिरवे मादीचे. दोन्हींचे खुंट घ्यावेत आणि जवळजवळ लावावेत.