वायरलेस हेडसेट म्हणजे आवाज उशिरा? खुलासा

गेम खेळणारे म्हणतात, 'वायरलेसवर गोळी आधी लागते, आवाज मागून येतो'. हे ब्लूटूथपुरतं बरंचसं खरं आहे. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथने आवाज दाबून पाठवायची मूळ पद्धत) १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. त्यात माइक चालू केला की आवाज बहुधा मोनो (दोन्ही कानांत एकच), टेलिफोनसारखा होतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'ब्लूटूथ ५.०' छापलं म्हणून हे सुटत नाही.

ब्लूटूथऐवजी २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल (हेडसेटसोबत येणारा छोटा रिसीव्हर) असेल तर उशीर साधारण २० ते ४० मिलिसेकंद. खेळताना सहसा जाणवत नाही. मात्र डोंगल पीसीच्या मागे यूएसबी ३ पोर्टात खुपसू नका. त्या पोर्टचा रेडिओ गोंगाट याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो नि आवाज तुटतो. एक्स्टेन्शन केबलने डोंगल अर्धा मीटर पुढे, हेडसेटच्या समोर आणा. प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलला तर ब्लूटूथ हेडसेट थेट जोडताच येत नाही.