बीपीएचं प्रकरण इम्युनिटीपर्यंत कसं पोचलं

एप्रिल 2023 मध्ये ईएफएसएनं, म्हणजे युरोपातल्या अन्नसुरक्षेच्या संस्थेनं, प्लास्टिकमध्ये वापरलं जाणारं बीपीए हे रसायन रोज किती पोटात गेलं तर चालेल त्याची मर्यादा एका फटक्यात 20,000 पट खाली आणली. 2015 ची मर्यादा होती वजनाच्या दर किलोमागे 4 मायक्रोग्रॅम, आता 0.2 नॅनोग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला आधी दिवसाला 240 मायक्रोग्रॅम चालायचं, आता फक्त 12 नॅनोग्रॅम. आणि गंमत अशी की हे ज्या कारणावरून झालं ते हार्मोन नाहीच, रोगप्रतिकारशक्ती आहे, जिच्याकडे या सगळ्या भानगडीत कितीतरी वर्षं कुणी फारसं बघतच नव्हतं.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए. 1891 साली दियानिन नावाच्या रशियन केमिस्टनं ते पहिल्यांदा बनवलं, पुढं 1936 मध्ये लंडनच्या चार्ल्स डॉड्सनं दाखवलं की हे शरीरात इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे बायकांच्या मुख्य हार्मोनसारखं, वागतं. म्हणजे बघा, हार्मोनची शंका बीपीएच्या प्लास्टिकच्याही आधीची! बीपीएपासून बनणारं ते कडक प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट, आलं 1953 मध्ये, जर्मनीत आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी, आणि मग दुधाच्या बाटल्या, पाण्याचे मोठे जार, डबाबंद खाण्याच्या टिनला आतून दिलेला इपॉक्सीचा लेप, सगळीकडे बीपीए शिरलं. (पाण्याची साधी विकतची बाटली पेट नावाच्या वेगळ्या प्लास्टिकची असते हां, त्यात बीपीए नसतं, लोक उगाच गल्लत करतात.)

ते प्लास्टिकमधून बाहेर झिरपतं हे लक्षात आलं तेही अपघातानंच. स्टॅनफर्डमध्ये संशोधक यीस्ट इस्ट्रोजेन बनवतं का ते शोधत होते, 1993 मध्ये त्यांनी छापलं की सापडलेला पदार्थ यीस्टचा नव्हताच, पॉलिकार्बोनेटचे फ्लास्क वाफेनं तापवले की त्यातून तो पाण्यात उतरत होता. मग 1998 मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे चुकीच्या साबणानं धुतले गेले, प्लास्टिक खराब झालं आणि माद्यांच्या अंड्यांतल्या क्रोमोझोमची गडबड एकदम वाढली. त्यानंतर अमेरिकेत 2003-04 च्या तपासणीत 93 टक्के लोकांच्या लघवीत बीपीए सापडलं, कॅनडा, युरोप, अमेरिका सगळ्यांनी बाळांच्या बाटल्यांतून ते काढलं, आपल्याकडंही 2015 च्या बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक संस्थेच्या, मानकात ते बाद झालं. पण वाद सगळा प्रजनन आणि हार्मोन याच दोन गोष्टींभोवती.

इम्युनिटी यात कुठून आली? तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे रेणू, असतात, त्यामुळं इस्ट्रोजेनची नक्कल करणारं काहीही तिथं ढवळाढवळ करू शकतं. आणि त्यातल्या टीएच17 नावाच्या पेशी वेगळ्या म्हणून ओळखल्या गेल्या त्याच मुळी 2005 मध्ये, म्हणजे पॉलिकार्बोनेट बाजारात येऊन पन्नासेक वर्षं झाल्यावर, तोवर त्या तपासणार तरी कोण आणि कशा! या पेशी बुरशी आणि बॅक्टेरियाशी लढायला लागतात, पण जास्त झाल्या की शरीर स्वतःवरच उलटतं, सोरायसिस, संधिवाताचा आमवातासारखा प्रकार, यात त्यांचा हात असतो. 2016 मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग छापून आला, गाभण असताना आणि दूध पाजत असताना आईला अगदी थोडं बीपीए दिलं तर पिल्लांच्या प्लीहेत टीएच17 वाढलेल्या दिसल्या. ईएफएसएची 0.2 ची मर्यादा मुख्यतः यावरच उभी आहे.

आणि इथंच भांडण आहे. जर्मनीच्या बीएफआरचं, म्हणजे तिथल्या जोखीम तपासणाऱ्या सरकारी संस्थेचं, म्हणणं असं की पेशी वाढल्या म्हणजे उंदीर आजारी पडला असं नाही, आणि त्यांनी स्वतः काढलेली मर्यादा दर किलोमागे 200 नॅनोग्रॅम आहे, म्हणजे ईएफएसएच्या हजारपट. मला विचाराल तर बीएफआरचा मुद्दा अगदीच फुसका नाही, पेशींची टक्केवारी आणि आजार यात बरंच अंतर असतं. पण ईएफएसएचं म्हणणं की आजार दिसेपर्यंत थांबायचं कशाला, शिवाय त्यांच्या हिशोबात युरोपातल्या सगळ्याच वयाच्या लोकांचं रोजचं बीपीए नव्या मर्यादेच्या वर जात होतं.

शेवटी युरोपियन कमिशननं डिसेंबर 2024 मध्ये खाण्यापिण्याच्या वस्तूंना लागणाऱ्या सामानात बीपीएवर बंदी घातली, जानेवारी 2025 पासून ती लागू, बहुतेक वस्तूंना 18 महिन्यांची मुदत. बाळाच्या बाटलीपुरता वाटणारा विषय असा टिनच्या आतल्या लेपापर्यंत गेला. आपल्या ऑफिसात आणि लग्नाच्या मांडवात येणारे ते 20 लिटरचे निळसर पारदर्शक जार मात्र अजून बरेचसे पॉलिकार्बोनेटचेच असतात, आणि टेम्पोत तासन्‌तास उन्हात तापतात.