विश्वासार्हताधारित संरचना डिझाइनची सॉफ्टवेअर

इमारत, पूल यांसारखी संरचना तिच्या आयुष्यात निकामी होण्याची शक्यता किती, हे आकड्यात मांडणारी संगणकीय साधने. नेहमीचे डिझाइन पॅकेज तुळई पास की फेल एवढे सांगते. ही साधने भार आणि सामर्थ्य या दोन्हींतली अनिश्चितता हिशेबात धरतात.

फरक एका तुळईवरून कळतो. तिची वाकण्याला तोंड देण्याची सरासरी क्षमता ३०० किलोन्यूटन-मीटर आणि भारामुळे येणारा सरासरी आघूर्ण (वाकवणारा परिणाम) १६० धरला, तर सुरक्षा गुणक (क्षमता भागिले आघूर्ण) १.८७५ होतो. क्षमतेचे प्रमाण विचलन (सरासरीभोवती आकडे किती विखुरतात त्याचे माप) ३०, आघूर्णाचे २०, आणि दोन्हींचे वितरण सामान्य (घंटेच्या आकाराचे) मानले, तर दोन्हींतला सरासरी फरक त्या फरकाच्या विचलनाच्या किती पट आहे हे सांगणारा विश्वासार्हता निर्देशांक (बीटा) ३.८८ येतो, म्हणजे निकामी होण्याची शक्यता सुमारे १९ हजारांत १. युरोपचे डिझाइन मानक युरोकोड साधारण इमारतींसाठी ५० वर्षांच्या कालावधीला ३.८ मागतो, त्यात ही तुळई बसते. आता काम ढिसाळ झाले, सळ्या कुठे वर तर कुठे खाली बसल्या आणि क्षमतेचे विचलन ६० वर गेले असे समजू. सरासरी तीच, गुणकही तोच; पण बीटा २.२१ वर घसरतो आणि शक्यता ७४ त १ होते. एवढी मोठी घसरण एकट्या गुणकाला दिसत नाही, म्हणूनच ही साधने हवीत.

खऱ्या संरचनेत चलराशी अनेक असतात आणि समीकरण सरळ नसते. हासोफर आणि लिंड यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार, प्रमाणित (सरासरी शून्य आणि विचलन एक होईल असे बदललेल्या) चलांच्या अवकाशात मूळ बिंदूपासून निकामी होण्याच्या सीमेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर म्हणजे बीटा. ‘फॉर्म’ (फर्स्ट ऑर्डर रिलायबिलिटी मेथड) ही पद्धत तो जवळचा बिंदू शोधते. यादृच्छिक नमुने घेऊन त्यांतले निकामी मोजणारी मॉन्टे कार्लो पद्धत समजायला सोपी, पण वेळखाऊ: १० हजारांत १ शक्यता बऱ्यापैकी अचूक मोजायला सुमारे १० लाख नमुने लागतात. प्रत्येक फायनाइट एलिमेंट विश्लेषण (संरचनेचे लहान तुकडे करून केलेली आकडेमोड) एका मिनिटाचे धरले, तर एकामागून एक चालवायला जवळपास दोन वर्षे जातील. त्यामुळे दुर्मीळ घटनेपर्यंत टप्प्याटप्प्याने पोचणारे सबसेट सिम्युलेशन आणि मूळ मॉडेलची स्वस्त प्रतिकृती वापरणाऱ्या पद्धती रुळल्या.

बर्कलीतले ‘फेरम’ आणि झुरिकच्या ईटीएचचे ‘यूक्यूलॅब’ मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरवर चालतात. ‘ओपनटर्न्स’ ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून वापरता येणारी मुक्त लायब्ररी आहे. म्युनिकचे ‘स्ट्रुरेल’ जुने, तर अमेरिकेतल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटचे ‘नेसस’ नासाच्या कामातून वाढले.

सर्वांत नाजूक जागा मात्र संगणकाबाहेर, साइटवरच्या काँक्रीटच्या चाचणी-क्यूबच्या नोंदवहीत आहे. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६:२००० नुसार काँक्रीटचे प्रमाण विचलन काढायला किमान ३० नमुने लागतात. तेवढे नसतील तर एम२५ (२५ न्यूटन प्रति चौ. मिमी सामर्थ्याच्या) काँक्रीटसाठी ४ न्यूटन प्रति चौ. मिमी धरून सुरुवात करतात. ३० नमुन्यांवरून सरासरी बरी कळते, पण हजारांत एखादाच निघणारा कमकुवत घाणा त्यांत सापडेलच असे नाही. त्या टोकाला सामान्य वितरणाऐवजी लॉगनॉर्मल (ज्यात आकड्यांचे लॉगरिदम सामान्य वितरणाचे असतात) धरले तरी उत्तर बदलते, आणि ही निवड अभियंत्यालाच करावी लागते.